रचना कोणाची? : रोमँटिक कालखंड आणि बनारसची ठुमरी



पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात 'रोमँटिक कालखंडातील रचनाकार व संगीतप्रकार' असा एक पाठ असतो. त्याच्या शेवटी आपल्या वहीत साधारणपणे एक तक्ता तयार होतो. डावीकडे रचनाकाराचे नाव, उजवीकडे प्रकार : शूबर्ट – लीड, शोपँ – नॉक्टर्न, लिस्ट – सिंफनिक पोएम, वॅग्नर – संगीतनाट्य. हा तक्ता उपयोगी आहे, तो जरूर पाठ करा. या पाठात मात्र आपण तोच तक्ता हातात घेऊन वाराणसीला जाणार आहोत आणि त्याच शतकात आकाराला आलेल्या ठुमरीला तो लावून पाहणार आहोत. उजवी बाजू बऱ्यापैकी भरता येते. डावी बाजू, म्हणजे 'रचनाकार' हा रकाना, भरताना अडचण येते. ती अडचण हाच या पाठाचा विषय आहे.

१. एकाच शतकातील दोन प्रवाह

युरोपीय संगीतातील रोमँटिक कालखंड ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकाशी जुळतो. फ्रान्झ शूबर्ट (१७९७–१८२८), फ्रेडरिक शोपँ (१८१०–१८४९), रॉबर्ट शूमान (१८१०–१८५६), फ्रान्झ लिस्ट (१८११–१८८६) आणि रिचर्ड वॅग्नर (१८१३–१८८३) ही त्यातील ठळक नावे. व्यक्तीच्या भावनेला दिलेले महत्त्व, कविता आणि संगीत यांची जवळीक, ठरलेल्या आकृतिबंधाला दिलेली ढील आणि स्वरांच्या छटांचा विस्तार ही या संगीताची लक्षणे पाठ्यपुस्तकांत सांगितली जातात.

याच काळात उत्तर भारतात ठुमरी बहरली. तिचे पहिले मोठे केंद्र लखनौ. नवाब वाजिद अली शाह (१८२२–१८८७) 'अख्तर पिया' या नावाने रचना करीत. कथक नर्तक बिंदादीन महाराज, तसेच कदर पिया, सनद पिया यांच्या बंदिशी आजही गायल्या जातात. ही लखनवी 'बंदिश की ठुमरी' मध्य-द्रुत लयीची, बहुधा तीनतालातील, शब्दांची आणि लयीची चतुर बांधणी असलेली, नृत्याला अनुकूल अशी होती.

१८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले. वाजिद अली शाह कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेले, पुढच्या वर्षीच्या उठावानंतर लखनौचा दरबारी आश्रय उरला नाही. कलावंत पांगले. ठुमरीचा केंद्रबिंदू हळूहळू बनारसकडे सरकला आणि तिथे तिचे रूप पालटले. लय संथ झाली. तीनतालाच्या जागी चौदा मात्रांचा दीपचंदी आणि सोळा मात्रांचा जत हे ताल आले. चैती, कजरी, होरी, झूला या पूर्वेकडील लोकप्रकारांचा रंग तिच्यात मिसळला. या रूपाला 'बोल-बनाव की ठुमरी' म्हणतात आणि या शैलीला 'पूरब अंग'. मराठी वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी : या शैलीच्या घडणीत ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील हार्मोनियमवादक भैयासाहेब गणपतराव यांचा मोठा वाटा आहे. बनारसशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते ठुमरीगायक मौजुद्दीन खाँ हे त्यांचेच शिष्य.

२. चरख्यापाशी बसलेली ग्रेटचेन

'लीड' म्हणजे एका गायकाने पियानोच्या साथीने गायचे जर्मन कलागीत. शूबर्टने सहाशेहून अधिक लीड लिहिली. त्यांतील एक, 'ग्रेटचेन चरख्यापाशी', त्याने ऑक्टोबर १८१४ मध्ये लिहिले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. शब्द ग्योटेच्या 'फाउस्ट' नाटकातले. ग्रेटचेन सूत कातत बसली आहे, मन प्रियकराकडे लागले आहे.

हे गीत ऐकताना पियानोकडे लक्ष द्या. उजव्या हाताचे स्वर गोल गोल फिरत राहतात, तो चरखा. गाण्याच्या मध्यावर तिला प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते आणि चरखा थांबतो. मग तो अडखळत, दोनदा-तीनदा उचल घेत पुन्हा सुरू होतो. शब्दांत चरखा थांबल्याचा उल्लेख नाही. ते शूबर्टने स्वरांत लिहिले आहे. म्हणजे तिचे भान कुठे हरपते, ती कुठे सावरते, हे रचनाकाराने आधीच ठरवून कागदावर उतरवले आहे. गायिका कितीही थोर असली तरी तो क्षण दुसऱ्या ओळीवर नेऊ शकत नाही.

इथे आपल्याला लगेच आपली विरहिणी आठवते आणि तुलना सोपी वाटते : तीही वाट पाहणारी, हीही वाट पाहणारी, म्हणून लीड आणि ठुमरी ही भावंडे. पण विषयाचे साम्य फार दूर नेत नाही. विरहाची गाणी जगात सर्वत्र आहेत. समीक्षकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : तो विरह नेमका कोण घडवतो आणि केव्हा घडवतो?

३. बोल बनवणे म्हणजे काय

ठुमरीचे शब्द थोडे असतात. एक स्थायी, एक अंतरा, बहुधा चारच ओळी. कागदावर वाचले तर त्यांत विशेष काही दिसत नाही. 'बोल बनाना' म्हणजे त्या शब्दांना गाता गाता अर्थ देणे.

एक उदाहरण घेऊ. समजा ओळीत 'नको जाऊ' एवढेच शब्द आहेत. गायिका ते प्रथम साधेपणाने म्हणते. दुसऱ्यांदा 'नको'वर थांबते, ती विनवणी होते. तिसऱ्यांदा 'जाऊ'वरून झरकन खाली उतरते, आता तो रुसवा आहे. चौथ्यांदा एखादा अनपेक्षित कोमल स्वर लागतो आणि आपल्याला कळते की तो जाणार हे तिला केव्हाच ठाऊक आहे. शब्द तेच, ताल तोच, पण चार वेगळे प्रसंग उभे राहिले. अशी वीस-पंचवीस मिनिटे गेल्यावर तबलावादक लग्गी सुरू करतो, लय दुप्पट-चौपट होते, मुखडा खेळकरपणे फिरतो, आणि शेवटी सारे पुन्हा मूळ संथ ठेक्यावर येते.

ठुमरीचे राग बहुधा खमाज, काफी, पिलू, तिलंग, देस, झिंझोटी, भैरवी हे असतात. ख्यालात रागाची शुद्धता राखावी लागते. इथे गायिका क्षणभर दुसऱ्या रागाच्या अंगणात डोकावून परत येऊ शकते. भैरवीत तर बाराही स्वर योजण्याची मुभा आहे. आमच्या अनेक पाठ्यपुस्तकांत अशा रागांना 'चंचल' किंवा 'क्षुद्र प्रकृतीचे' म्हटलेले आढळेल. हा शब्द वाचताना थोडे थांबा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

४. तुलना जुळते कुठे, तुटते कुठे

पहिले साम्य लयीचे. शोपँच्या वादनात 'रुबातो' असे. त्याच्या शिष्यांनी सांगून ठेवले आहे की त्याचा डावा हात ठेका धरून चाले आणि उजवा हात सूर लांबवी, आखडी, मागे-पुढे करी. बनारसच्या ठुमरीत डाव्या हाताचे काम तबला करतो. दीपचंदीचा ठेका स्थिर चालतो आणि गायिका त्याच्यावर रेलून, त्याला चुकवून, समेवर अचूक येते. हे साम्य वरवरचे नाही. भावना लयीच्या बाहेर पडून व्यक्त होत नाही, लयीशी ओढाताण करून व्यक्त होते, हे दोन्ही परंपरांनी स्वतंत्रपणे शोधले.

दुसरे साम्य जागेचे. शोपँने आयुष्यात जाहीर कार्यक्रम केले ते सुमारे तीस. त्याचे खरे श्रोते पॅरिसमधल्या घरांच्या दिवाणखान्यात बसलेले असत. ठुमरीही जवळून ऐकण्याची कला आहे. चौक आणि दालमंडी भागातले कोठे, रईसांच्या बैठका, होळीनंतरच्या बुढवा मंगलच्या रात्री गंगेत सोडलेले बजरे ही तिची ठिकाणे. भुवईची हालचाल दिसेल इतक्या अंतरावर श्रोता असतो, म्हणून सुरातली बारीक मुरड पोहोचते.

तिसरे साम्य स्वरांच्या छटांचे. शोपँ, लिस्ट, वॅग्नर यांनी मूळ स्वरसप्तकाबाहेरचे स्वर मुबलक वापरले. ठुमरीनेही ते केले. पण युरोपात त्यांचा परिणाम स्वरसंवादातून, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांतून येतो. ठुमरीत तो एकामागून एक येणाऱ्या स्वरांतून येतो. इथे तुलना सावधपणे करावी.

तुटते ती मुख्य जागी. रोमँटिक कालखंडाने युरोपात रचनाकाराला नायक केले. बेथोवेननंतर रचनाकार म्हणजे स्वतःच्या अंतःप्रेरणेने लिहिणारा कलावंत, त्याची लिखित स्वरलिपी म्हणजे 'कृती', आणि वादक-गायक तिचे इमानी वाहक, ही कल्पना पक्की होत गेली. बनारसमध्ये त्याच काळात उलटे घडले. लखनौची बंदिश बांधीव होती, तिच्यावर 'पिया'ची नाममुद्रा असे. बनारसमध्ये लय संथ झाली, बंदिशीचा बांधीवपणा सैल झाला आणि घडवण्याचे काम लिहिणाऱ्याकडून गाणाऱ्याकडे गेले. भावनेला मोकळीक देण्याची निकड दोन्हीकडे होती. युरोपात त्यातून रचनाकार मोठा झाला, बनारसमध्ये गायिका मोठी झाली.

मग तक्त्याच्या डाव्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे? चार ओळी बांधणाऱ्याचे, की त्यांतून अर्धा तास घडवणारीचे?

५. नाव कोणाचे लागते

हा प्रश्न केवळ व्याख्येचा नाही. रकाना कोण भरतो यावर कोण इतिहासात राहते हे ठरते.

युरोपातलेच एक उदाहरण पाहा. फॅनी मेंडेल्सन (१८०५–१८४७) हिने साडेचारशेच्या आसपास रचना केल्या. तिच्या काही गीतांना छापील पान मिळाले ते भाऊ फेलिक्स याच्या नावाखाली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने फेलिक्ससमोर त्याच्या संग्रहातले आपले आवडते गीत गायले. ते होते 'इटली', आणि फेलिक्सला कबूल करावे लागले की ते आपल्या बहिणीचे आहे. ज्या परंपरेत सारे काही लिहून ठेवले जात होते, तिथेही बाईचे नाव असे गळू शकत होते.

आता बनारसकडे या. रसूलनबाई (१९०२–१९७४), सिद्धेश्वरी देवी (१९०८–१९७७), बडी मोतीबाई, काशीबाई, विद्याधरी यांना आपण 'थोर गायिका' म्हणतो. 'रचनाकार' म्हणत नाही. याची एक बाजू पद्धतीची आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर हिंडून बंदिशी जमवल्या, मराठीतून 'क्रमिक पुस्तक मालिका' लिहिली, संगीत परिषदा भरवल्या. १९१९ ची परिषद बनारसलाच झाली. त्यांचे ऋण मोठे आहे, ते मान्य करूनच पुढे जाऊ. पण स्वरलिपीत बंदिश उतरते, बोल-बनाव उतरत नाही. ख्याल, धृपद, धमार यांना छापील पान मिळाले. ठुमरीचे जे खरे काम ते पानाबाहेर राहिले, आणि जे पानावर आले ते इतके थोडे होते की त्याला 'क्षुद्र' म्हणणे सोपे गेले.

दुसरी बाजू समाजाची आहे. मराठीत 'बाई' हा आदराचा शब्द. शाळेतल्या शिक्षिका बाईच, आणि केसरबाई, मोगूबाई, हिराबाई ही नावे आपण मानाने घेतो. बनारसमध्ये मात्र नावापुढचे 'बाई' हे तवायफ असल्याची खूण मानली गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीने अशा गायिकांना दूर ठेवण्याचे धोरण घेतले, आणि प्रतिष्ठेसाठी 'बाई'ची 'देवी' किंवा 'बेगम' होण्याची वाट अनेकींनी धरली.

रसूलनबाईंच्या एका ध्वनिमुद्रिकेत या दोन्ही बाजू एकत्र येतात. त्यांची भैरवीतील एक ठुमरी प्रसिद्ध आहे : फुलांचा गेंद मारू नकोस, लागते, अशी तिची विनवणी. कुठे लागते? सर्वपरिचित पाठात उत्तर आहे 'काळजात'. पण १९३५ मध्ये त्यांनी हीच ठुमरी मुद्रित केली तेव्हा त्या जागी यौवनाचा, म्हणजे स्तनांचा, निर्देश करणारा शब्द होता. सबा दिवाण यांच्या 'द अदर साँग' (२००९) या माहितीपटाने या विसरल्या गेलेल्या पाठाचा माग काढला आहे. फक्त एक शब्द बदलला, पण खोडकर, धीट, देहाचे भान असलेली नायिका जाऊन तिथे सोज्ज्वळ विरहिणी आली.

ही ओळ कोणी बांधली याचा शोध घेऊन आपल्या हाती फारसे लागणार नाही. कोणता शब्द कोणत्या श्रोत्यांसमोर ठेवायचा, कोणत्या सुरावर ठेवायचा, हे गायिकेच्या कंठात ठरत होते. बदलत्या काळाचा दाबही तिच्याच कंठावर पडत होता. त्या दाबाची किंमतही तिनेच मोजली. १९६९ च्या अहमदाबादमधील दंगलीत रसूलनबाईंचे घर जळाले.

६. दोन आक्षेप

'गायिका हीच रचनाकार' या म्हणण्यावर तुमच्या मनात आक्षेप यायला हवेत. दोन प्रमुख आक्षेप पाहू.

पहिला : उत्स्फूर्त विस्तार म्हणजे रचना नव्हे. रचना टिकते, विस्तार विरून जातो. यात तथ्य आहे. शूबर्टची ग्रेटचेन दोनशे वर्षांनंतरही जशीच्या तशी गाता येते. परंतु टिकणे हा लिहिण्याचा गुण आहे, घडवण्याचा नव्हे. शिवाय युरोपातही सीमारेषा वाटते तितकी पक्की नव्हती. शोपँचे प्रसिद्ध नॉक्टर्न, ओपस ९ क्रमांक २, १८३२ मध्ये छापले गेले. पण शिष्यांच्या प्रतींवर त्याने त्याच जागांसाठी वेगवेगळ्या हरकती पेन्सिलीने लिहून दिल्या. छापील कृतीच्या मागे एक वाजवणारा हात होता आणि तो दरवेळी तेच वाजवत नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : बोल बनवण्याच्या कित्येक जागा उस्तादांकडून आलेल्या असतात. त्या एका व्यक्तीच्या मालकीच्या नसतात. मग गायिकेला 'रचनाकार' म्हणणे म्हणजे युरोपातल्या एकट्या प्रतिभावंताची टोपी तिच्या डोक्यावर घालणे नव्हे का? हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच माझे म्हणणे असे नाही की शूबर्टच्या खाली रसूलनबाईंचे नाव लिहावे आणि विषय संपवावा. ठुमरीत रचना ही वाटलेली गोष्ट आहे : ओळ बांधणारा, शिकवणारे उस्ताद, ठेका आणि लग्गी देणारा तबलावादक, धून मागे धरून ठेवणारा सारंगीवादक आणि या सर्वांतून त्या रात्रीचा अर्थ घडवणारी गायिका. या साखळीतल्या शेवटच्या कडीचे काम सर्वांत मोठे असताना तिलाच रचनेच्या श्रेयातून वगळणे, एवढ्यालाच माझी हरकत आहे.

७. समारोप

ठुमरीचे हे ऋण मराठी माणसाच्या कानात आधीच आहे. 'मानापमान' (१९११) साठी गोविंदराव टेंबे यांनी आणि 'स्वयंवर' (१९१६) साठी भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचे वळण नाट्यपदांत आले. पुढे बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टू (१९२५–२००४) यांनी ठुमरीला आयुष्य वाहिले. नाट्यपदाच्या चालीखाली आपण टेंबे, बखले यांची नावे लिहितो आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या कंठातून ती वळणे आली त्यांच्यासाठी मात्र रकाना रिकामा राहतो.

गिरिजा देवी (१९२९–२०१७) यांचे उदाहरण आशा वाढवणारे आहे. १९४९ मध्ये त्या आकाशवाणीवर गायल्या, पुढे कलकत्त्याच्या संगीत रिसर्च अकादमीत आणि काशी हिंदू विद्यापीठात शिकवल्या. ठुमरी कोठ्यातून वर्गात आली, हा मोठा लाभ. आता वर्गातल्या वहीनेही थोडे बदलायला हवे. तक्ता करा, पण ठुमरीच्या ओळीसमोर दोन रकाने ठेवा : 'बंदिश' आणि 'घडण'. दुसऱ्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे हे ध्वनिमुद्रिका ऐकूनच ठरेल. म्हणून खालचा स्वाध्याय ऐकण्याचा आहे.

स्वाध्याय

१. शूबर्टचे 'ग्रेटचेन चरख्यापाशी' दोन वेगवेगळ्या गायिकांच्या आवाजात ऐका. दोघींनी काय तसेच ठेवले आणि काय वेगळे केले, ते लिहा.

२. एकच ठुमरी दोन गायिकांच्या आवाजात ऐका. वरच्याच प्रश्नाचे उत्तर लिहा. दोन्ही उत्तरांची लांबी का वेगळी आली, याचा विचार करा.

३. शोपँच्या नॉक्टर्नमधील डावा हात आणि दीपचंदीचा ठेका यांच्या कार्याची तुलना दहा ओळींत करा.

४. 'क्षुद्र प्रकृतीचा राग' हे वर्णन रागाचे आहे की तो गाणाऱ्यांविषयीच्या दृष्टिकोनाचे? तुमचे मत एका रागाच्या आधारे मांडा.